बाबा लंडनला गेलेत

शेलार गाव, रविवार, १४ मे १९८९

ही डायरी कुवेतच्या एका टायरवाल्याने दिली. ती उजवीकडून उघडते आणि तिच्यात शुक्रवार लाल छापला आहे. मी ती उलटी धरून आपल्या बाजूने सुरू केली आहे. छापलेल्या तारखा पानाच्या तळाला पालथ्या दिसतात, म्हणून माझी तारीख मी स्वतः वर घालतो.

आज दुपारी कुवेतहून सुट्टीवर घरी पोचलो. आबा आम्हाला घ्यायला भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर आले होते. टोपी नवी होती. तिथून दोन रिक्षा केल्या. एकीत बायको बकुळा, धाकटा मिलिंद आणि बॅगा. दुसरीत आबा, मुलगी विशाखा आणि मी. घरासमोर उतरल्यावर मी मागून वळसा घालून आबांच्या बाजूला गेलो, हात पुढे केला आणि मग काय करावे ते न सुचल्याने त्यांचा कोपर धरला. ते म्हणाले, "आरं, येवढा म्हातारा न्हाय झालो मी."

आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेवढ्यात विशाखा मोठ्याने म्हणाली, "सायेग, माझी चप्पल काढ." ती नोव्हेंबरात पाचची होईल. आवाज मोठा आहे.

आईने विचारले, "काय बोलली ती?"

मी म्हणालो, "अरबीत बापाला सायेग म्हणतात."

हे मी विचार न करता बोललो. बकुळाने माझ्याकडे पाहिले आणि मिलिंदला कडेवर घेऊन आत गेली. संध्याकाळपर्यंत आईने सगळ्या आळीला तो शब्द शिकवला होता. शेजारच्या लडकूच्या मुलाने लडकूला "ए सायेग" अशी हाक मारली आणि लडकू, जो लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे आणि सहसा हसत नाही, तो खूश होऊन म्हणाला, "ऐकलंस का यादव, मी पण अरब झालो."

सोमवार, १५ मे

कुठेतरी खरे लिहिले पाहिजे. सायेग म्हणजे ड्रायव्हर.

(सायेग लिहावे की साएग, हे मला ठरवता आलेले नाही. साळवी गुरुजी म्हणायचे, परक्या शब्दाला जसा कान ऐकतो तसे लिहावे. मी नववीत शाळा सोडली, पण शुद्धलेखनात मला कधी लाल रेघ आली नाही.)

मी जासेम साहेबांच्या घरचा ड्रायव्हर आहे. बकुळा त्याच घरात स्वयंपाकघरात काम करते आणि त्यांची धाकटी, नूरा, तिला सांभाळते. आमची खोली गॅरेजला लागून आहे. विशाखा त्या खोलीत आणि त्या गॅरेजात वाढली. नूरा आणि तिची मोठी भावंडे मला सायेग म्हणतात, माळी म्हणतो, बाजारातला मासेवाला म्हणतो. विशाखा बोलायला लागली तेव्हा माझ्यासाठी तिच्या कानावर दुसरा शब्दच नव्हता.

आणि याहून वाईट ते पुढे आहे. तिथे घरच्या नोकरांनी मालकाला बाबा आणि मालकिणीला मामा म्हणायची पद्धत आहे. मी म्हणतो, बकुळाही म्हणते. सुरुवातीला जीभ वळत नव्हती, आता आपोआप वळते. मग विशाखाने बाबा कोणाला म्हणायचे? खोलीचे दार लावून मी तिला शिकवत असे : मी बाबा. ती मान हलवायची. तेवढ्यात बाहेर साहेबांचा आवाज यायचा आणि मी चपला न घालता धावायचो, "आलो बाबा". त्या वयाच्या मुलीला आमच्या दोघांत खरा बाबा कोण वाटला असेल, ते उघड आहे.

पत्रांत मी खोटे लिहिलेले नाही. "साहेबांच्या कार्यालयात रोज सकाळी जातो" असे लिहिले होते. त्यात एकही अक्षर चूक नाही. मी रोज जातो. दारापर्यंत.

हे आबांमुळे झाले. त्यांनी उभा जन्म भिवंडीत टांगा हाकला. कारखानदारांच्या बायकांना मंडईत न्यायचे, दाराशी उन्हात उभे राहायचे, पुन्हा आणायचे. मला शाळेत सोडताना ते सांगायचे, "मागच्या गादीवर बसनारा हो. पुढं बसू नको." ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की व्हिसाच्या कागदावर माझ्या नावापुढचा हुद्दा मी त्यांना कधी वाचून दाखवला नाही. त्यांना वाचता येत नाही.

बुधवार, १७ मे

सगळे विशाखाची वाखाणणी करतात. कोणी मोठे घरात आले की ती उठून उभी राहते. पाहुण्यांच्या चपला जोडीने लावते. खुर्चीवर बस म्हटल्याशिवाय बसत नाही आणि जेवायला ताट घेऊन चुलीजवळच्या कोपऱ्यात जाते. आई म्हणाली, "बघा, फॉरेनचं वळण." नूराच्या वाढदिवसाला विशाखा हातात फुगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती आणि केक कापून झाला की प्लेटा उचलायला धावली होती, ते वळण हेच.

आज सकाळी नळावर जे झाले ते मी मोरीच्या भिंतीआडून ऐकले. लडकूच्या आईने विशाखाला विचारले, "विशू, तुजा बाबा कुठं हाय गं?"

"बाबा लंडनला गेलेत."

"आँ? मग घरात दाढी करत बसलाय त्यो कोन?"

"तो सायेग."

"आनि लंडनला कुनासंगं गेलाय बाबा?"

"मामासंगं. मामाच्या पोटाचं ऑपरेशन आहे. बाबा मामाला फुलं आणतो."

सगळ्या जणी हसायला लागल्या. कोणीतरी म्हणाले, "बकुळे, तुला तर भाऊच न्हाय. ह्यो मामा कवा झाला?" आणि लडकूची आई म्हणाली, "म्हंजे बाप दोन! अरबीतला बाप हितं, न् मराठीतला बाप लंडनला!"

बकुळाही त्यांच्याबरोबर हसली. घरात येऊन हंडा ठेवताना मला म्हणाली, "आज हसले मी. उद्या न्हाय हसनार. सांगून टाका."

मी म्हणालो, सांगतो. योग्य वेळ बघून सांगतो.

शुक्रवार, १९ मे

योग्य वेळ आली नाही.

आबांनी माळ्यावरून टांग्याची जुनी गादी काढली आणि उन्हात टाकली. घोडा कधीच विकला, गादी मात्र ठेवली होती. मला म्हणाले, "तुजी कंबर धरते काय रं?" मी म्हणालो, थोडी. "धरनारच. बसून बसून." मला वाटते त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातली खुर्ची असावी. मी खाली बघितले.

शनिवार, २० मे. बुद्धपौर्णिमा

जे झाले ते स्वच्छ लिहीन.

विहारात कार्यक्रम होता. मला मंचावर बसवले, हार घातला आणि परदेशातील अनुभव सांगायला लावले. मी वक्तशीरपणाविषयी बोललो. कार्यालय हा शब्द दोनदा वापरला. टाळ्या झाल्या. आबा पहिल्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यांना तशी सवय नाही.

मग लहान मुलांना खाऊ द्यायचा होता. प्रत्येकाने माइकवर संपूर्ण नाव सांगायचे : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. माइक लडकूकडे होता. विशाखाने नूराचा जुना झालरीचा फ्रॉक घातला होता. ती म्हणाली, "विशाखा." आणि थांबली.

लडकू म्हणाला, "शाब्बास. आणि बाबांचं नाव?"

ती माइकमध्ये स्पष्ट म्हणाली, "बाबा जासेम."

आधी मुले हसली. मग मागे बायकांत कुजबुज झाली आणि ती थांबली, हे जास्त वाईट होते. मला बोलावेसे वाटले, म्हणून मी मंचावरून बोललो. म्हणालो, "ते आमचे साहेब आहेत. साहेबांचा तिच्यावर फार जीव आहे, म्हणून ती त्यांना बाबा म्हणते."

वाक्य पूर्ण झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला. सगळ्या माना बकुळाकडे वळल्या होत्या. ती मिलिंदला मांडीवर थोपटत होती. तो जागा होता.

रविवार, २१ मे

दुपारी भांडी घासताना बकुळा बोलली. वर बघितले नाही.

"तुमी ड्रायव्हर हाय त्याची मला कदी लाज न्हाय वाटली. मी त्या घरात संडास धुते, त्याची न्हाय वाटली. काल वाटली. तुमची."

मी म्हणालो, मी लोकांचा गैरसमज दूर करायला गेलो होतो.

"लोकांचा? काय समजतायत ते कळतंय का तुमाला? दोन शब्द बोलायचे होते. त्याचे धा केलेत, न् तेबी माज्या डोक्यावर ठेवलेत."

मी म्हणालो, आबांना धक्का बसेल. ती म्हणाली, "मला बसला त्यो?" आणि तवा इतक्या जोरात घासायला लागली की पुढचे काही ऐकू आले नसते.

मंगळवार, २३ मे

बकुळा आता पहाटे, इतर बायका यायच्या आधी, नळावर जाते. आज तिच्या आधीच दोघी होत्या. त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. बकुळा अर्धी कळशी घेऊन परत आली.

दुपारी हारूनभाई आले. त्यांच्या आईला आबा टांग्यातून माहेरी कोनगावला नेत असत, तेव्हापासूनची ओळख. हारूनभाई स्वतः कुवेतला कापडाच्या दुकानात बरीच वर्षे होते. ते येणार कळताच मी विशाखाला बाहेर खेळायला पाठवले, कारण त्यांना अरबी येते.

चहा येतो न येतो तोच विशाखा बाहेरून ओरडली, "सायेग, मिलिंद माती खातोय!"

हारूनभाईंचा कप तोंडाशी थांबला. आई कौतुकाने म्हणाली, "बापाला बोलते. अरबीत बोलतात ना तसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाले, "हां चाची, बोलतात ना. फार इज्जतीचा लफ्ज आहे." आणि चहा संपवला.

मी त्यांना पोचवायला उठलो तर आबा म्हणाले, तू बस, मी जातो. दोघे रस्त्यावर चिंचेखाली बराच वेळ उभे होते. आबा काहीतरी विचारत होते. बहुधा लूमच्या मंदीविषयी असेल. हारूनभाईंनी जाता जाता मला हाक मारून सांगितले, "यादव, माझी फियाट उभीच असते. रविवारी घेऊन जा, आबाला फिरव. तुझा हात काय गाडीवर बसलेला असेल." आई म्हणाली, "ह्याला कुठं येते गाडी!" मी कपबशा उचलल्या.

परक्या माणसाने माझ्यासाठी माझ्या घरात खोटे बोलावे. हारूनभाई नमाजी आहेत. माझे खोटे मी त्यांच्याही तोंडात घातले.

गुरुवार, २५ मे

मी दात घासत होतो. मोरीची भिंत डोक्याएवढी आहे, पलीकडे नळ. बकुळा हंडा घेऊन रांगेत उभी होती. ती पुढे सरकली तशी लडकूची आई म्हणाली, "सरका गं, लंडनवालीला पानी भरू द्या. तिच्या घरी धनी दोन, पानी जास्त लागतं."

कोणी हसले नाही. विशाखा आईचा पदर धरून होती. ती म्हणाली, "बाबा लंडनला आंघोळ करतो," आणि मग हसल्या.

मी भिंतीच्या या बाजूला होतो. माझ्या तोंडात ब्रश होता. ब्रश काढून, चूळ भरून, भिंतीला वळसा घालायला किती वेळ लागतो? मी चूळ भरलीच नाही. फेस हनुवटीवर आला तरी तसाच उभा राहिलो.

तेव्हा आबांचा आवाज आला. त्यांची काठी नेहमी आधी वाजते, ती वाजली नाही, म्हणजे ती घरात विसरून आले होते.

"लडकूची आय, जरा आयक. समद्याच आयका. माजा यादव मोटार हाकतो. सायेग म्हंजे मोटारवाला. बाबा म्हंजे त्याचा मालक, न् मामा म्हंजे मालकीन. तिकडं चाकरमानसांनी मालकाला तसंच बोलायचं असतंय. माजी सून त्याच घरात राबते. पोरीनं आयबापाच्या तोंडचं उचललं."

नळाचे पाणी हंड्यात पडत होते.

"मी तुज्या नवऱ्यासंगं शेटच्या दारात उभा र्‍हायचो, तवा आमी शेटला काय बोलायचो? बावा बोलायचो. बावा, घोडा जोडू का. बावा, किती वाजता येऊ. त्यो काय माजा बाप होता? का तुज्या नवऱ्याचा होता?"

लडकूची आई म्हणाली, "न्हाय वो आबा. मी आपली मजेनं—"

"मजा झाली. आता हंडा उचल, पानी जाईल."

मी तसाच मागच्या मागे घरात आलो. आई चुलीपाशी बसली होती. तिने सगळे ऐकले असणार. तिने मला तोंड पुसायला फडके दिले आणि म्हणाली, "भाकरी गरम हाय तोवर खा."

सत्तरीच्या माणसाला नळावर बायकांसमोर उभे राहावे लागले, आणि आपण मालकाला काय म्हणत असू ते सांगावे लागले. त्यांनी ते आजवर मलाही सांगितले नव्हते.

शुक्रवार, २६ मे

आज मी हंडा घेऊन नळावर गेलो. पुरुष जात नाहीत. लडकूची आई म्हणाली, "काय ड्रायव्हर, नंबर लावा." मी म्हणालो, "हो." मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "बकुळा मला पहिल्या दिवसापासून सांगत होती, खरं बोला. मीच बोललो नाही." रात्री मनात चार वाक्ये तयार केली होती, त्यांतली दोनच आठवली.

लडकूची आई म्हणाली, "भर आता. उतू चाललं."

दुसऱ्या दिवशी सुचलेले शौर्य. बकुळाला सांगितले तर ती म्हणाली, "ऐकलं. भिंतीमागं मीबी होते." हंड्याला बाहेरून माती लागली होती, ती तिने पुसली.

लडकूचा मुलगा अजून त्याला सायेग म्हणतो. लडकू धपाटा घालतो आणि ओरडतो, "मी जॉबर आहे रे!"

रविवार, २८ मे

हारूनभाईंची फियाट आणली. अंगणात उभी केली तेव्हा आळीतली पोरे गोळा झाली. आई नाकाला पदर लावून बघत होती. मी आबांसाठी मागचे दार उघडून उभा राहिलो. मनात होते, एकदा तरी त्यांना मागच्या गादीवर बसवावे.

आबा घरातून टांग्याची गादी घेऊन आले. उन्हाने कापूस फुलला होता, वरचा रेक्झिन आईने शिवला होता. त्यांनी ती माझ्या सीटवर ठेवली, हाताने दाबून बघितली, आणि स्वतः वळसा घालून पुढे, माझ्या शेजारी येऊन बसले. मी उघडलेल्या मागच्या दारातून बकुळा, आई आणि मुले बसली. बकुळाने पदर सारखा केला, मान उंच केली आणि म्हणाली, "सायेग, मंडईत घे."

नळावरच्या त्या सकाळनंतर ती आज पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली. आई इतकी हसली की मिलिंद घाबरून रडला.

इथे स्टीअरिंग उजवीकडे असल्याने माझा हात गिअर शोधायला सारखा दाराकडे जात होता. वंजारपट्टी नाक्यावर ट्रक आडवे होते. आबा पाय दाबून बसले होते, जणू लगाम त्यांच्याच हातात आहे. "डाव्या अंगानं काढ. घाई करू नको. मागच्याला बोंबलू दे." बऱ्याच वेळाने त्यांनी मागे वळून विचारले, "विशू, सायेग म्हंजे काय गं?"

"गाडी चालवतो तो."

"न् ह्यो कोन?" त्यांनी बोट माझ्याकडे केले.

मी आरशात बघत होतो. विशाखाने विचार केला. तिला कोणीतरी उत्तर पढवले असेल असे वाटले, आईने किंवा बकुळाने. ती म्हणाली, "माझा सायेग." मग खिडकीबाहेर टांगा दिसला आणि ती तिकडे वळली.

आबा म्हणाले, "तुजा. बरोबर." त्यांनी त्याहून जास्त विचारले नाही.

मंडईत बायका उतरल्या. आम्ही दोघे गाडीत बसून राहिलो, ऊन खात, जसे ते बसत आणि मी बसतो. मी समोर बघून विचारले, "आबा, हारूनभाईंनी सांगितलं ना तुम्हाला?"

"त्यानं नुसता शब्दाचा अर्थ सांगितला. मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं."

"कसं?"

"रिक्षातून उतरलास, पळत मागून वळसा घालून माज्या अंगाला आलास, न् दार उघडायला हात घातलास." ते मंडईकडे बघत होते. "आरं येड्या, रिक्षाला दार असतं काय?"